पहिलं सूप घरधन्याचं

बाबा, गिरणीच्या क्रिकेट टीममधली तुमची बोलरची जागा खरोखर कशी गेली, ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मला माहीत होतं. शाळेत तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून दटावलं, आणि स्वतःची एवढी एक गोष्ट गिळून बसले. आज लिहायला घेतली आहे, बघू जमते का.

तुमच्या नोकरीवर आपल्या शहापूरकडच्या माणसांचा विश्वासच बसत नसे. तुम्ही मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर लागलात. एकदा सुट्टीच्या दिवशी गिरणीच्या टीमची मॅच बघत उभे होतात, सीमेबाहेर आलेला चेंडू तुम्ही उचलून परत फेकलात आणि तो सरळ विकेटकीपरच्या हातात. लहानपणी शेतातल्या माळ्यावर उभं राहून भातावरची पाखरं गोफणीने हाकलली होती ना, त्याचा तो हात. कप्तानसाहेबांनी तुम्हाला तिथेच धरलं. पण चेंडू टाकताना तुमचं कोपर वाकायचं, म्हणून त्यांनी कोपराला बांबूची कामटी बांधून महिनोन्‌महिने तुमच्याकडून चेंडू टाकून घेतले. त्याचे वळ तुम्ही मला कौतुकाने दाखवायचात. पुढे तुमचं नाव साच्यावर आणि तुम्ही मैदानावर, असं सात-आठ वर्षं चाललं. गावी आलात की लोक विचारायचे, "चेंडू टाकाचा पगार देतात? मंग आमची पोरं काय फुकट टाकतात रे?" तुम्ही नुसते हसायचात.

म्हशाच्या जत्रेत एका दुकानात डब्यांची उतरंड चेंडूने पाडायची होती. तुम्ही तीनदा पाडलीत. दुकानदार हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमी फुडं जा, माजं पोट हाये याच्यावर." तुम्ही सगळी बक्षिसं त्याला परत केलीत, फक्त माझ्यासाठी एक आरसा ठेवून घेतलात. मुरबाडचे मामा बरोबर होते, ते तुमच्यावर केवढे चिडले! मला मात्र त्या दिवशी तुम्ही फार आवडलात. वर्षातून दोन-तीनदा दिसणारा बाप, आणि त्यातला एक अख्खा दिवस माझा होता.

मग तुमचा उजवा खांदा गेला. बरं होऊन या म्हणून गिरणीने रजा दिली. आई रोज निरगुडीचा पाला गरम करून शेकायची, पण हात कानाच्या वर जाईना. टोपीसुद्धा आई घालायची. हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तुमची सक्त ताकीद होती. त्या पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीत तुम्ही घरी होतात. मला पाढे शिकवलेत, माझ्या शेजारी बसून जेवलात. खांद्यासाठी आई देवाला नवस बोलत होती आणि मी तिच्या मागे नुसती उभी असायचे.

भाताची झोडणी संपली त्या दिवशी कप्तानसाहेब न कळवता आले, आसनगावला उतरून चालत. आपण सगळे खळ्यात आहोत. वारा सुटला आहे, भाऊबंद सुपं घेऊन खोळंबले आहेत. आपल्या घरची रीत अशी की राशीचं पहिलं सूप घरधन्याने तिवईवर उभं राहून वाऱ्यावर सोडायचं, त्याआधी दुसऱ्याने सुपाला हात लावायचा नाही. कुणीतरी म्हणालं, आज राहू द्या, पाहुणे आलेत. आई सवयीने बोलून गेली, "पयलं सूप घरधन्याचंच. साहेब आलं म्हनून रीत मोडाची नाय." आणि लगेच तिने जीभ चावली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, तिवईवर चढलात आणि सूप डोक्याच्या वर नेलंत. भार सगळा डाव्या हातावर होता, उजवा नुसता टेकवलेला. भात सरळ धारेने खाली आलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "हात चांगला झालाय की. सोमवारी या मग."

तुम्ही मला त्यांना सडकेपर्यंत पोचवायला सांगितलंत. वाटेत त्यांनी मला काहीसुद्धा विचारलं नाही. मीच म्हटलं, "साहेब, बाबांचा हात नाय वर जात. टोपी पन आयच घालते. आता सूप डाव्यानी उचललं त्यांनी." ते थांबले आणि "बरं" म्हणून निघून गेले.

आठवड्याभरात पत्र आलं. टीममध्ये दुसरा बोलर घेतला आहे, साच्यावर काम करायचं असेल तर या. तुम्ही गेला नाहीत. सूप उचलताना तोंड वेडंवाकडं झालं असेल, साहेबांची नजर बारीक, असं तुम्ही धरून चाललात. आईला एकदाच म्हणालात, "तुज्या रीतीनी माजा खेल गेला." पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत, पण तिला ते एकदाच पुरलं. पुढे दरवर्षी पहिलं सूप काका सोडायचे, आणि तेवढा वेळ आई काहीतरी निमित्त काढून घरात जायची. तुमच्यामागे ती सहा वर्षं होती. शेवटच्या आजारात तिने मला विचारलं, "मी बोलले नसते तं गेले असते ना गो ते सोमवारी?" मी म्हटलं, "झोप आये, तसं काय नाय." तेव्हा सांगायचं होतं. माझ्याच्याने झालं नाही, आणि याची मला तुमची जागा घालवल्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते पहिल्यांदा आईलाच वाचून दाखवलं असतं. तुमचा खांदा दुखायचा, तो आणखी तुटेल या भीतीने मी बोलले, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं पटवत आले. ते खोटं आहे, बाबा. खांद्याचं मला काही पडलं नव्हतं. मला सोमवार नको होता. ते पत्र वाचून तुम्ही ओटीवर मान खाली घालून बसलात, तेव्हा मी मागच्या दाराशी जाऊन आनंदाने नाचले होते.