शाळेतल्या मढ्यापुढं

लेक पोचेपर्यंत माणसाला उचलत नाहीत. आपल्या वैरागात ही रीत होती, अजून आहे. कितीही ऊन असू दे, कडुनिंबाचा पाला अंथरून ठेवतात, पण लेकीला तोंड बघू देतात. मला मात्र एसटीच्या खिडकीतून ओढ्याच्या अंगाला धूर दिसला आणि शेजारी बसलेली बाई म्हणाली, "कुणाचं तरी आटपलं वाटतं." ती तू होतीस. हे आधी सांगून टाकते. हे पोटात ठेवून मला पुढचं लिहिता यायचं नाही.

आई, तुझी थोरली लिहितेय. चौथीतून शाळा सोडवलीस मला, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. तुला तर एवढंही वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायला धीर होतोय. तोंडावर सांगायची वेळ आली असती तर आपल्या दोघींची वाजली असती आणि मूळ गोष्ट राहून गेली असती. नेहमी तेच व्हायचं. मूळ गोष्ट अशी की मी तुझ्या नावानं एक खोटं बोलले, शाळेतल्या पोरांपुढं बोलले, आणि त्याच्यावर टाळ्या घेतल्या.

माझी नात सातवीत आहे. तिच्या शाळेत शनिवारी नाटकाचा क्लास असतो. हल्ली पोरांना नाटक करायलासुद्धा शिकवणी लागते. आमच्या घरात ते रोज चालतं, पण त्याला कुणी क्लास म्हणत नाही. शिकवायला एक तरणी पोरगी येते. केस कापलेले, खिशाखिशांची विजार. पोरं तिला ताई म्हणतात. ती आधी सगळ्यांना गोल उभं करून ओरडायला लावते, मग जमिनीवर गप आडवं पडायला लावते, मग विचारते, काय वाटलं? गॅदरिंगसाठी पोरांनी आपल्याच मनानं नाटक रचलं होतं. गावातली म्हातारी मरते आणि सासरी दिलेली लेक येऊन रडते. लेकीचं काम माझ्या नातीकडं आलं. ती रडायची टीव्हीतल्या बायांसारखी, तोंडावर हात धरून, मान हलवत, "नाही, नाही." मी बघितलं आणि म्हटलं, "दुधाचं पातेलं उतू गेलं की तुझी आई असं करती. मढ्यावर असं रडत न्हाईत." तर म्हणाली, "मग तू दाखव की ताईला. तुला येतं म्हणतात सगळ्या."

येतं मला. तुला ठाऊक नाही, पण सोलापुरात आल्यावर रडण्यात माझं नाव झालं. गल्लीत कुणाचं मयत झालं की बायका आधी मला हाक मारतात. मेलेल्याचे गुण आठवून हेल काढून रडायचं, म्हणजे घरच्यांना रडू फुटतं आणि छाती मोकळी होते. दात कोरून पोट भरणाऱ्यालासुद्धा मी हात राखून संसार करणारा म्हणून रडलेली आहे. फक्त तुझ्या दारात रडले नाही. वेशीपासून हेल काढायचा असतो, बायका गळ्यात पडायला दारात उभ्या होत्या, मी तोंड उघडलं होतं, आणि दादा पुढं होऊन म्हणाला, "आईच म्हणली हुती, तिची वाट बघू नका. ती येऊन चार शब्द ऐकवील." घशापर्यंत आलेलं तिथंच बसलं. मी म्हटलं, "मग मी आले तरी कशाला? बादली कुटं हाय सांगा, अंगण धुते." आणि धुतलं. मागं बायका कुजबुजत होत्या, "दगड हाय, दगड."

तू तसं म्हणाली होतीस का, हे मला आजतागायत माहीत नाही. तू म्हणू शकली असतीस, हीच अडचण. आधीच्या पंचमीला आपलं भांडण झालेलं, कशावरून ते आता आठवतही नाही, आमटीत मीठ कमी एवढंच असेल. आणि दादाही मनानं बनवून सांगू शकतो. ऊन चढत होतं, लाकडं येऊन पडली होती, माणसं खोळंबली होती, त्याला उरकायचं असेल आणि माझ्या तोंडाची धास्तीही असेल. ते बोलणं दोघांपैकी कुणाचं, हे मी कधी विचारलं नाही. भाऊबिजेला ओवाळलं, त्याच्या पोरांच्या लग्नात अक्षता टाकल्या, पण विचारलं नाही.

तर शनिवारी नातीबरोबर शाळेत गेले. बाकं भिंतीला लावलेली, मधे पोरांचा घोळका, आणि मढं म्हणून एक गुबगुबीत पोरगा आडवा पडलेला. अंगावर फुलाफुलांची चादर, आणि त्याच्या पोटावर ती चादर गदगदा हलत होती.

"मढं हलतंय की," मी म्हटलं.

"आजी, चादर टोचतीय," मढं म्हणालं.

"मेल्यावर टोचत न्हाय. गप पड. लई लांबनं आलीया तुला रडायला."

पोरं खिदळली. ताई म्हणाली, "आजी, तुम्ही मनात कुणीतरी धरा. तुमच्या जवळचं." मी म्हटलं, "त्याची काय गरज न्हाय, माझं पाठ हाय." खरंच मनात काही नव्हतं. गल्लीतली मागच्या महिन्यात गेलेली म्हातारी होती, तिच्यावर उरकू असं ठरवलं होतं. पदर डोक्यावर घेतला, दारातून आत आले, गुडघे टेकले आणि तोंडातून निघालं, "आई गं." तिथून माझ्या हातात राहिलं नाही. लहानपणी पायात मोडलेल्या बाभळीच्या काट्याची गोष्ट निघाली. माझा पाय मांडीवर घेऊन तू सुईनं काटा काढतेस, मी हलले की पाठीत चापट मारतेस, आणि काटा निघाल्यावर मी नको म्हणत असताना तोंडात गुळाचा खडा कोंबतेस. ते सगळं मी हेल काढून सांगितलं, चापटीसकट. "कुणाच्या मांडीवर पाय ठिवू गं, कोण मारंल मला पाठीत गं." बघते तर पोरांचा आवाज बंद. चादरीखालनं मढं रडक्या आवाजात म्हणालं, "ताई, मी उठू का?" ताईचेही डोळे लाल. आणि मग त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मयताला कुणी टाळ्या वाजवत नाही, आई. मला कळेना हात कुठं ठेवावेत. पण गोड लागलं. तुझ्या दारात जे अडकलं होतं ते एका गुबगुबीत पोराच्या अंगावर सांडलं, त्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटायच्या आधी गोड लागलं.

पुढच्या शनिवारी कुणी बोलावलं नव्हतं तरी गेले. नव्या पेठेत घेतलेलं ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. पण दुसऱ्या खेपेला पोरांना सगळं माहीत होतं. काट्यापाशी कुणाला काही झालं नाही, एक पोरगी तर भिंतीला टेकून शेंगदाणे खात बघत होती. तेव्हा मी भर घातली. "माझ्या वाटंला डोळं लावून बसली हुतीस गं, जीव कुडीत धरून ठिवला हुतास गं, लेक येऊ द्या, लेक येऊ द्या, म्हणत हुतीस गं." शेंगदाणेवाली रडली. घरी येताना नातीनं विचारलं, "आजी, पणजी खरंच असं म्हणत होती?" मी म्हटलं, "व्हय. तू हेल नीट काढ, मधनंच तोडू नको." पोरीनं पाठ केलं. घरात, अंघोळीला जाताना, वेणी घालताना, "लेक येऊ द्या गं." सून कंटाळली. मी मात्र म्हणायची, "अजून एकदा म्हण."

गॅदरिंगच्या दिवशी दादा डोळे दाखवायला सोलापूरला आलेला. मोतीबिंदू पिकलाय, आठवड्याभरात ऑपरेशन करा म्हणाले. आता काठीशिवाय चालत नाही. सून म्हणाली, "मामा, आलाच आहात तर पोरीचं नाटक बघून चला." मला तिथंच काहीतरी कारण काढता आलं असतं. मी काढलं नाही, कारण मला वाटलं, याला दिसायचं नाही आणि ऐकूही अर्धंच येतं. शेजारच्या खुर्चीत त्याला बसवलं. नात आली, माझ्यासारखाच पदर घेतला, माझ्यासारखेच गुडघे टेकले. काट्याचं झालं, गुळाचं झालं. दादा हसला, म्हणाला, "मला न्हाय कदी गूळ दिला." आणि मग पोरीनं ती भर सुरू केली. दिसत नसलं की माणूस कानांनी बघतो, हे मला सुचायला हवं होतं. तो खुर्चीच्या दांड्याला धरून उठला. टाळ्या पडत होत्या आणि तो लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर चालला होता. मी मागं गेले.

"चांगलं शिकवलंस पोरीला," तो म्हणाला.

"दादा, नाटक हाय ते."

"आंधळा समज मला, येडा समजू नको. इतकी वर्सं ववाळलंस, तवा शब्द काढला न्हाईस. आन आज बारक्या पोरीच्या तोंडानं भर सभंत ऐकवलंस."

"तुला ऐकवायला न्हाय केलं."

"मग कुणाला? व्हय, बघत हुती ती वाट. लेक येऊ द्या म्हणत हुती. झालं समाधान?"

ज्या शब्दांसाठी मी म्हातारी झाले ते शब्द असे आले, दगड मारल्यासारखे. रागात माणूस खरं बोलतं म्हणतात. पण रागात माणूस आपलंच बोलणं आपल्या तोंडावर फेकतंही. शब्द तर माझेच होते, पोरीनं म्हटले, त्यानं परत केले. खरं का, असं विचारायला मी तोंड उघडलं. तो फाटकाचा गज चाचपत उभा होता, बाहेर कुठून पडायचं ते त्याला दिसत नव्हतं, आणि आजूबाजूला आया आपापल्या पोरांचे फोटो काढत होत्या. मी विचारलं नाही. हात धरायला गेले तर त्यानं झटकला.

तो जेवला नाही. सुनेनं केलेलं सगळं तसंच राहिलं. "डोळ्याचं नंतर बघू," म्हणाला आणि माझ्या मुलाला स्टँडवर सोडायला लावून संध्याकाळच्या गाडीनं गेला. नातीनं विचारलं, "आजी, माझं काय चुकलं का?" मी म्हटलं, "न्हाय, बरोबर म्हणलीस." "मग आजोबा का गेले?" मी तिच्यावर ओरडले, लुगडं आधी सोड म्हणून. तिला बक्षीस मिळालंय. ताई म्हणते, हेच नाटक दुसऱ्या शाळांत दाखवू. म्हणजे माझं खोटं आता गावोगाव फिरणार, आणि पोरीला ते खरं वाटतं. आज ना उद्या तिला सांगावं लागेल. सातवीतल्या पोरीपुढं मान खाली घालायची, हे माझ्या वयाला शोभत नाही, पण घालेन. आणि परवा वैरागला जाते. दादाच्या पाया पडून त्याला डोळ्यांसाठी घेऊन येते. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. हे तुझ्या लेकीनं लिहिलंय, ध्यानात ठेव.

हा कागद कुठं टाकायचा नाही. घडी करून लुगड्यांच्या खाली ठेवते, सुनेचा हात तिकडं जात नाही. एक मात्र वर पुरतं खरं लिहिलेलं नाही. ती भर मी पोरांना रडवायला घातली, हे अर्धंच. मला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. म्हणून नातीला चांगलं पाठ झाल्यावरही पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, आणि स्वयंपाकघरात तिच्याकडं पाठ फिरवून उभी राहिले.

आता उत्तर. ते दादानं द्यायचं नाही. त्याला मी विचारणार नाही, आणि त्यानं आपणहून सांगितलं तरी मानणार नाही. स्वप्नात बाबांना पुढं करशील तर तेही चालायचं नाही. तूच द्यायचंस. वाट बघू नका म्हणाली असलीस, तरी ते तुझ्या तोंडानं सांग.