शनिवारचा स्वेटर

गुरुवार, ३ ऑक्टोबर

तेवीस किलो! त्याच्यावर एक मोजासुद्धा नाही. जावयाने, येप्पेने, वजनकाटा आणून पलंगापाशी ठेवलाय. बॅग रिकामी आणि यादी ही एवढी!

निघायला तीन आठवडे उरले. रेवदीचं बाळंतपण झालं, शेक-शेगडी झाली (येप्पेला वाटलं मी त्याच्या बायकोला भाजतेय), नात सहा आठवड्यांची होऊन गुटगुटीत झाली. माझं डेन्मार्कमधलं काम संपलं. आता खरं काम. परदेशात तीन महिने राहून गावी, लाम्पांगच्या बाजारात, हात हलवत शिरले तर मेल्यावरसुद्धा ऐकून घ्यावं लागेल.

मासेवाली विलाय म्हणते, माशाच्या तेलाच्या गोळ्या आण. जन्म गेला मासे चिरण्यात, आणि हिला तेल हवंय डेन्मार्कचं! अंडीवाल्या हुअयला निळ्या गोल डब्यातली लोण्याची बिस्किटं. मी म्हटलं, अगं ती आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने मिळतात. तर म्हणते, "मिळतात. पण ती तू आणलेली नसतात ना." विहारातल्या भन्तेंना थंडीचे मोजे, तपकिरी, म्हणजे त्यांना चालतील.

आणि थोंगबाय? "काही नको गं. तू ये म्हणजे झालं."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एकतीस वर्षं आमचे गाळे शेजारी. ती मोगऱ्याचे हार ओवते, मी वाटण विकते. नवरा गेला तेव्हा रेवदी चार वर्षांची. थोंगबायच्या फुलांच्या टोपल्यांमध्ये झोपून वाढली ती. आत्तासुद्धा तीन महिने माझा गाळा कोण सांभाळतंय? स्वतःचा धंदा करून वर माझं वाटण विकतेय ही बाई! तिला बिस्किटांचा डबा देऊ होय मी?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

फोनवर थोंगबायचं रोजचं सकाळचं चित्र आलं. फुलं, वाफाळता कप, 'शनिवारच्या शुभेच्छा'. जांभळं! आमच्याकडे प्रत्येक वाराचा रंग ठरलेला, शुक्रवारचा निळा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी विचारलं, वार विसरलीस का गं? तिने आवाज भरून पाठवला: "तुझ्याहून पाच तास पुढे आहोत आम्ही. इथे शनिवार लवकर येतो!"

हसून हसून पोट दुखलं. नात दचकून उठली. रेवदी चिडली.

शनिवार, ५ ऑक्टोबर

येप्पे दुकानात घेऊन गेला. बिचारा मनापासून शोधतो. तीन सुऱ्यांचा संच दाखवला, एकेक सुरी लखलखीत, कागद फाडून दाखवला त्याने. रेवदीने सांगितलं त्याला, मैत्रिणीला सुरी देत नाहीत, मैत्री तुटते. मग त्याने भरतकामाचे रुमाल काढले. इतके सुंदर! पण रुमाल दिला की ताटातूट. भिंतीवरचं घड्याळही नको, हुअयच्या माहेरची चिनी माणसं त्याला अपशकुन मानतात. येप्पे शेवटी म्हणाला, "तुम्हा लोकांना आणलेलं नक्की चालतं तरी काय?" रेवदीने मला भाषांतर करून सांगितलं आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. भला माणूस आहे. माझ्या पोरीला असा मिळाला, देवाची कृपा.

थोंगबायसाठी काही मिळालं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज निळं चित्र. बुधवारी! हिरवं हवं. शनिवारीही निळंच होतं.

तिच्या भाचीने फोनमध्ये शेकडो चित्रं भरून दिली आहेत, हिने फक्त निवडून पाठवायची. चार वर्षांत एकदा चुकली नव्हती. तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा नाही.

तिची आई शेवटी शेवटी सगळं विसरायची. लेकीला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणायची. मला ते आठवलं आणि जेवण गेलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज परीक्षाच घेतली तिची. फोन लावला आणि आडून आडून विचारत बसले. माझ्या लाल वाटणाच्या गिऱ्हाइकांत सोमवारी कोण येतं? बरोबर सांगितलं. भन्तेंचा वाढदिवस? बरोबर. रेवदीच्या शाळेच्या बाईंचं नाव मलाच आठवत नव्हतं, ते तिने सांगितलं! वर म्हणते, "आणि त्या वर्षी पुराच्या वेळी तू मला कंजूष म्हणाली होतीस, तेही आठवतंय हं!"

डोकं शाबूत आहे. जीव भांड्यात पडला. मग चित्रांचं काय? म्हणे, बोट घसरतं.

म्हटलं, कॅमेरा लाव, बघू दे तरी तुला. लावला. मला अर्धा तास बाजाराचं छप्पर दिसलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

स्वेटर. हाताने विणलेला, खऱ्या लोकरीचा, पुढे लाकडी बटणं. थंडीत पहाटे गार पाण्यातली फुलं उपसताना तिची बोटं आखडतात, खांदे दुखतात. स्वेटर हे गेल्या आठवड्यातच ठरलं होतं. अडलं होतं रंगावर. थोंगबायचा जन्म शनिवारचा, तेव्हा जांभळाच हवा. आणि या देशात माणसं फक्त करडं, काळं आणि पांढरं घालतात! काळा न्यायला ती काय मयताला चाललीय? येप्पे तीन गावं फिरला माझ्यासाठी गाडीतून. शेवटी एका म्हातारीच्या दुकानात, अगदी खालच्या फडताळात, एकच.

जांभळा आहे. जरा... जास्तच जांभळा आहे. रेवदी म्हणाली, "आई, हा अंधारातसुद्धा दिसेल." दिसू दे! थोंगबाय आयुष्यभर उंदराच्या रंगाचे कपडे घालत आली. तिला आवडेल की नाही, देव जाणे. पण माझ्या बाईच्या वाराचा आहे.

दुकानातली म्हातारी त्याला इतक्या मायेने घडी घालत होती, मी दोन्ही हात जोडून तिला नमस्कारच केला. तिनेही केला, वेडावाकडा.

बुधवार, २३ ऑक्टोबर

काट्यावर तेवीस किलो दोनशे ग्रॅम. माझी चप्पल काढून ठेवली. स्वेटर राहिला.

उद्या निघायचं. नातीच्या डोक्याचा वास घेत बसलेय. सोडवत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

घर! उकाडा, कुत्री, भाजलेल्या मिरचीचा ठसका. आज सकाळी बाजारात गेले तर सगळ्यांनी कडं केलं माझ्याभोवती. विलायने गोळ्यांची बाटली उघडून हुंगली आणि म्हणाली, "ताजी नाही मासळी." हुअयने बिस्किटं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, मग डबा दिवसभर अंड्यांच्या वर मांडून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "तिथून आणलीत!"

माझा गाळा मी ठेवते त्यापेक्षा स्वच्छ. पितळी तराजू घासलेला. एकही गिऱ्हाईक तुटलेलं नाही. मला रडूच आलं. थोंगबाय म्हणाली, "रड नंतर, आधी हात धू."

तिची पिशवी तिला दिली. घेतली, मांडीवर ठेवली, कुरवाळली, बाजूला ठेवली. देणाऱ्यासमोर उघडत नाहीत, ते ठीकच. पण मी मेले ना उत्सुकतेने! सारखी तिकडे बघत होते. ती शांतपणे हार ओवत होती. नजर समोर रस्त्याकडे, बोटंच काय ती चालत होती.

सोमवार, २८ ऑक्टोबर

सकाळी थोंगबाय स्वेटर घालून आली. ऐन ऑक्टोबरात! घामाने थबथबलेली, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. का, तर मी बघावं म्हणून. गाळ्यापुढे उभी राहून गिरकी घेतली तिने. विलायच्या हातातून मासा निसटला.

आणि थोंगबाय म्हणाली, "काय सुंदर रंग निवडलास गं! असा साधा, तपकिरी. आपल्या वयाला शोभणारा. मला धाकधूक होती, तू काहीतरी भडक आणशील म्हणून."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. खरोखर बघितलं, इतक्या वर्षांत प्रथमच बहुतेक. बुबुळांत भाताच्या पेजेसारखी साय.

"हो," मी म्हटलं. "तपकिरीच."

मग हुअयला मागे बर्फाच्या पेट्यांपाशी ओढत नेलं. म्हटलं, बोल. ती आधी नाही नाही म्हणाली, मग सगळं भडाभडा ओकली. रोज सकाळी हुअय तिला वीस लांब सुयांत दोरा ओवून देते. नोटा थोंगबाय बोटांनी चाचपून ओळखते. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही. जिल्हा हॉस्पिटलने ऑपरेशनची तारीख दिली होती, २० ऑगस्ट. तिने ती सोडून दिली.

"का?"

"तू १ ऑगस्टला विमानात बसलीस. तुझा गाळा कोण उघडणार होतं? आणि तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?"

नसते गेले. रेवदी परक्या देशात एकटी बाळंत झाली असती.



मंगळवार, २९ ऑक्टोबर

भांडण. मोठ्ठं. अर्धा बाजार ऐकत होता.

मी म्हटलं, तू काय स्वतःला देवी समजतेस? डोळे गेले असते तर? ती म्हणाली, "गेले नाहीत ना." म्हटलं, सुई डोळ्यात घालून घेतली असतीस! तर म्हणते, "हार ओवायला डोळे कशाला लागतात? रेवदीची वेणी मी अंधारात घालायचे." मग मी रडले. मग तिने स्वतःच्या बाहीने माझं नाक पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं. म्हणाली, "तुझ्या पोरीला माझीही पोरगी समजते मी. तिची आई तिच्यापाशी हवी होती. मी तर जाऊ शकत नव्हते."

इथे लिहिते. थोंगबाय, तू माझ्या वाट्याला आलीस, मी असं काय पुण्य केलं होतं?

आणि मी मूर्ख, तीन गावं फिरले रंगासाठी!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

हॉस्पिटलमध्ये पहाटेपासून रांगेत. नवीन तारीख: १५ जानेवारी. उजवा डोळा आधी. कार्ड मी माझ्याकडे ठेवलंय. तिच्या हातात देणार नाही.

स्वेटरबद्दल सगळ्या बाजाराला दम देऊन ठेवलाय. जो 'जांभळा' म्हणेल त्याला माझं वाटण बंद. विलाय म्हणाली, "मी फक्त हसेन." हसायचंही नाही!

मंगळवार, १० डिसेंबर

थंडी पडली. थोंगबाय रोज स्वेटर घालते, विहारातही. भन्तेंनी एकदा स्वेटरकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांतल्या मोज्यांकडे पाहिलं आणि थोंगबायने विचारल्यावर म्हणाले, "ऊबदार दिसतो." खोटंही बोलले नाहीत, आणि माझी अब्रूही राखली. चित्रं आजही रोज येतात. बुधवार निळा, शुक्रवार जांभळा. मी रोज उत्तर देते, 'तुलाही शुभेच्छा.'

बुधवार, १५ जानेवारी

झालं. अर्धा तास. बाहेर मी बाकावर, एका बाजूला हुअय डबा घेऊन (बिस्किटं कधीच संपली, आता त्यात उकडलेली अंडी), दुसऱ्या बाजूला विलाय. चार हाका मारल्या देवाला. दोन गाळे आज शेजारचा कापडवाला सांभाळतोय, तिन्ही वेळचं जेवण मी त्याला देणार.

गुरुवार, १६ जानेवारी

पट्टी काढली. नर्सने विचारलं, "मावशी, दिसतंय का?"

थोंगबायने आधी खिडकी बघितली. मग स्वतःचे हात उलटसुलट केले. मग माझ्याकडे वळली. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाली, "अगं बाई! कामलाय, तू इतकी म्हातारी कधी झालीस?"

नर्स तोंड दाबून पळाली. मी म्हटलं, तू झालीस तेव्हाच, मेले! आरसा आणू का? आणि तिला घट्ट धरलं. ती म्हणाली, "डोळा सांभाळ, डोळा!"

दोन दिवस घरी राहायचंय तिने. येताना गारठा होता, मी माझी शाल तिला गुंडाळली. स्वेटर तिच्या कपाटात.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी फोन वाजला. चित्र आलं. जांभळी ऑर्किड, शनिवारच्या शुभेच्छा. बरोबर वार, बरोबर रंग. आणि खाली, ऑगस्टपासून पहिल्यांदा, तिने स्वतः टाईप केलेलं:

"कपाट उघडलं. कामलाय, भवाने, हा जांभळा आहे! अडीच महिने मी हा घालून गावभर फिरले आणि तू 'हो तपकिरी' म्हणत होतीस? उद्या घालून बाजारात येतेय. हसलीस तर याद राख.

माझ्या वाराचा शोधलास होय गं?"