ऐनाच्या रंगाचा सदरा

महाड, शुक्रवार, ४ मे २००१

आज अंगाची नुसती लाही लाही झाली. उद्या सकाळी सावित्रीवर गळ टाकून बसायचं, म्हणून जुना मलमलचा सदरा शोधला. भिजवून घातला की वारा कसा आरपार जातो! सदरा दोरीवर होता. पण पांढराशुभ्र.

"अण्णा, बघा, सगळे डाग गेले," सूनबाई कौतुकानं म्हणाली.

डाग? तो ऐनाच्या झाडाच्या सालीचा रंग. दासगावचा गोविंदा, माझा गळाचा सोबती, एकदा म्हणाला, "गुरुजी, पांढऱ्यात बगळाच वाटता तुमी. मासा लांबनंच पलतो." आणि जाळी रंगवायच्या हंड्यातच त्यानं माझा सदरा उकळला. त्या तांबूस रंगात मी काठच्या मातीत मिसळून जायचो. वर्गात शिकवलेल्या नदीच्या कविता मला तिथं कळल्या.

गोविंदा जाऊन दोन पावसाळे झाले. त्याच्या हातचा तेवढा रंग उरला होता. पण हे पोरीला कसं सांगू? घासून घासून हात लाल झालेत तिचे.

"छान निघालाय गो."

"मग उद्या हाच घाला, अण्णा."

घालीन. मासे पळतील, पळू देत. उद्या मी मासे धरायला थोडाच चाललोय? आमच्या जुन्या जागी जरा गोविंदापाशी बसून येईन.