सुमनच्या पायाचा अंगठा

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पिंपळवंडी.

सुमनचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय, मुळाशी हाड बाहेर आलंय. डॉक्टरांनी आज दोन वाटा सांगितल्या. हाड कापून सरळ करायचं, ती लवकर चालायला लागेल. नाहीतर पावलातला सांधाच स्क्रू घालून कायमचा जाम करायचा. मग दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही. तिला पहिली हवी होती. मलाही.

मग डॉक्टरांनी तिच्या हाताचा अंगठा दुमडला, तो थेट मनगटाला टेकला. म्हणाले, सांधे जन्मापासून सैल आहेत; नुसतं सरळ केलेलं हाड पुन्हा सरकायची भीती जास्त. मनगटाला टेकणारा तो अंगठा मी लग्नापासून बघतोय. पोरांना हसवायला ती तसा वाकवायची. मला कसं सुचलं नाही?

पण एकदा कळल्यावर शंका नाही. द्राक्षाचे मांडव मी कुणाकडे न शिकता उभे केलेत. भुसभुशीत जमिनीत कललेला खांब नुसता सरळ करून भागत नाही, बुडाशी काँक्रीट लागतंच. तिला तेच सांगितलं.

"मी काय खांब हाय व्हय? अन् गायीची धार कोण काढणार?"

"मी."

"अवो, ती तुमाला लाथ मारती."

खरंय. म्हणून संध्याकाळी सुमनची जुनी साडी अंगाभोवती गुंडाळून गोठ्यात बसलो. गायीनं बराच वेळ हुंगलं, मग पान्हा सोडला. सुमन दारात लंगडत आली, तोंडाला पदर लावून हसली.

"सांगा डॉक्टरला, स्क्रूचंच करू म्हणावं."