साडेतिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

बोळिंज, विरार पश्चिम
गुरुवार, दुपारी (वामकुक्षी बुडवून)

प्रिय व्हिन्सेंट यास,

श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच बरा. खरंच खाली गेलो तर उठवायला दोघं लागतील, आणि त्यात वसुंधरा नसेल.) तू, वाडीतली केळी आणि तो चावरा कुत्रा, सगळे खुशाल असाल. आम्ही वयाला शोभेल इतपत बरे आहोत. तू फोनवर म्हणालास, आता बिल्डिंगला लिफ्ट लागली, मजा आहे बुवा तुमची. त्या मजेचंच लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतोस.

तुला आठवतच असेल, घर घेतलं तेव्हा आम्ही चौथा मजला मागून घेतला होता. वारा येतो, डास येत नाहीत, आणि जिने चढून तब्येत राहते, असं बिल्डर म्हणाला. तेव्हा मी गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन चढायचो. पण बिल्डिंगमधली सगळीच एका वयाची, त्यामुळे म्हातारीही एकदमच झाली. आता बिल्डिंगभर धड गुडघे शोधायचे तर भाडेकरूंकडे जावं लागतं. वसुंधराचे तर दोन्ही गेले. गेल्या गणपतीपासून ती डॉक्टरकडे सोडून खाली उतरलेली नव्हती. भाजीवाल्याशी गॅलरीतून भाव करायची, आणि तो हल्ली ऐकू येत नसल्याचं सोंग करायचा. पुढेपुढे ती त्याला हाक मारायचीही बंद झाली. मला ते बघवत नव्हतं रे.

म्हणून लिफ्टच्या मागे लागलो. आर्किटेक्ट आला, चित्रं दाखवली. चित्रात उंच, सडपातळ माणसं हातात कॉफी घेऊन हिंडत होती, एकाच्याही हातात काठी नाही. लिफ्ट घरांच्या पातळीला आणायची तर प्रत्येकाने धुण्याची गॅलरी सोडायला हवी होती. कोणीही सोडली नाही. (आम्हीही नाही. धुणं वाळत घालायचं कुठे?) मग लिफ्ट जिन्याला बाहेरून चिकटवली. ती आता कुठल्याच मजल्यावर थांबत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये, जिना वळतो तिथे थांबते. म्हणजे आम्ही चौथ्या मजल्याचे लोक साडेतिसऱ्यावर उतरतो आणि उरलेला अर्धा जिना पूर्वीसारखाच कण्हत चढतो. नारळ मात्र पूर्ण फोडला होता.

पहिल्याच दिवशी वसुंधरा देवळात जाऊन आली, साडेतिसऱ्यावर उतरली, समोरच्या पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, आता माझ्याने होणार नाही, खुर्ची आणा. मी खुर्ची आणली. मग चहा आणला. तिसऱ्या मजल्यावरची ॲनी वर डोकावली, ती आपला पाट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मेथी निवडायला आणखी दोघी. तिथल्या खिडकीतून अर्नाळ्याकडचा वारा येतो, येणारं-जाणारं माणूस दिसतं, लिफ्टमधून उतरणाऱ्याला चौकशी चुकवता येत नाही. इतकी वर्षं ज्यांची नुसती आडनावं माहीत होती, त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी आता मला पाठ आहेत. वसुंधरा परत मोठ्याने हसायला लागली. मी वर स्वयंपाकघरात चहा उकळत असतो आणि खालून हसणं ऐकू येतं. दर तासाला चहा करून मी टेकीला आलोय, पण तक्रार नाही.

तक्रार सोसायटीची आली. जिन्यात खुर्च्या ठेवू नयेत, अशी नोटीस लागली आणि वॉचमनने खुर्ची पंपरूममध्ये नेऊन टाकली. आमचा सेक्रेटरी सिद्धेश तरुण आहे, नम्र आहे, आणि नम्र माणसाशी भांडताना फार दमायला होतं. तो म्हणाला, "काका, ही जागा येण्याजाण्याची आहे, बसण्याची नाही." मी विचारलं, बसण्याची कुठली? त्याने नकाशात ज्येष्ठ नागरिक कट्टा दाखवला. तो गच्चीवर आहे. तिथे लिफ्ट जात नाही.

मग त्याने स्ट्रेचरचा मुद्दा काढला: खुर्ची असली तर आजारी माणूस खाली कसा न्यायचा? मुद्दा खरा होता. म्हणून पंपरूममधली खुर्ची परत जागेवर ठेवायची, मी स्वतः चादरीत झोपायचं आणि सिद्धेशने व ॲनीच्या नवऱ्याने मला उचलून खुर्चीजवळून न्यायचं, असं ठरलं. खुर्चीपाशी अडचण आलीच नाही. मी अडकलो लिफ्टच्या दारात, कारण आडवा माणूस त्या लिफ्टमध्ये मावतच नाही. पाय बाहेर आणि दार आपलं सारखं मिटायला बघतंय. स्ट्रेचरचा मुद्दा सिद्धेशने तिथेच सोडला. तरी रविवारच्या सभेत खुर्चीचा विषय आहेच, आणि मतं विरुद्ध आहेत. खुर्ची गेली तर वसुंधरा पुन्हा गॅलरीत. माझ्याने ते पुन्हा बघवणार नाही, व्हिन्सेंट.

लेकीसुनांना आशीर्वाद, कुत्र्याला लांबूनच नमस्कार.

तुझा,
श्रीरंग

ता.क. – तुझ्या ओट्यावर एक अरुंद सागवानी बाक पडून असतो. तो टेम्पोत घालून रविवारच्या आत पाठवता येईल का? आमच्या गेटपाशी सिद्धेशच्या आजोबांच्या स्मरणार्थ दिलेला बाक आहे. त्याच्यामुळे पाण्याचा टँकर धड आत वळत नाही, तरी तो हलवायची कोणाची छाती नाही. खुर्ची उचलतात रे, स्मरणार्थ दिलेला बाक कोणी उचलत नाही.

ता.क. २ – नाव कोणाचं घालायचं हा प्रश्न आला. माझ्याकडची माणसं चिवट. मोठ्या बहिणीला अंदाज घ्यायला फोन केला, तर तिने माझीच तब्येत विचारली.

ता.क. ३ – वसुंधरा म्हणते, इझाबेलचं नाव घालूया. तुझी बायको गेल्यापासून तिला दुसरी अशी मैत्रीण मिळाली नाही, हे तुला माहीत आहे. पाटीवर कैलासवासी लिहायचं की तुमच्यात काय लिहितात, ते कळव. आणि बाकाबरोबर तूही ये. टेकायला जागा आहे.