आईच्या शेगडीवरचा टोप

मस्कत, शुक्रवार संध्याकाळ

रत्नागिरीहून आईचा फोन. शुगर पुन्हा वाढली. आता कमी नाय झाली तर इन्सुलिन, असं डॉक्टर बोलले. आणि आई म्हणते, भात सोडून महिना झाला, नुसते मासे, अंडी, भाजी. मग मागे शेगडीवर तो झाकलेला टोप कसला? मागच्या शुक्रवारीपण व्हिडिओत दिसलेला. खोटं बोलते काय माझ्याशी?

विचारलंच शेवटी. "आई, टोपात काय?"

"पेज रे."

"म्हणजे तांदूळच ना!"

"मेल्या, आजाऱ्याची पेज ती. भात कुठं खाल्ला मी? तूच बोललास ना, भात बंद, भूक लागली तर पेज घे?"

बोललो होतो. फोन ठेवला, कबूल नाय केलं. उद्या सकाळी टोप चढायच्या आत सांगायला पाहिजे, चूक माझी, पेजपण बंद.