रुस्तुमचं पथ्य

मार्गशीर्ष, शके १८५९

प्रिय द्वारके,

तुझं श्रावणातलं पत्र भागाबाई धनगरणीनं बराबर पोचवलं होतं, आणि मी उत्तर लिहून राहिले आता, मार्गशीर्षात. शिव्या घाल, हक्क आहे तुझा. "ओसरीवर पोरींना अक्षरं शिकवते, एकटीला झेपत न्हाई, तू निघून ये, आमच्या घरातल्यांची ना न्हाई," एवढं तू स्वच्छ लिहिलंस, आणि मी मेली गप्प बसले. काहून, ते सांगायचं तर आधी कुत्र्याचं सांगावं लागेल. हसू नको.

मामंजींचा रुस्तुम नावाचा शिकारी कुत्रा आहे. ज्येष्ठात त्याची लघवी तुंबली. पाय वर करून उभा राहायचा, थेंब थेंब गळायचा, त्यातही रक्त. असा विव्हळायचा की रात्रभर घरात कुणाचा डोळा लागायचा न्हाई. लखमा गडी जवळ गेला तर त्याच्या मनगटाचा लचका तोडला. मामंजींनी वैद्याकडे घोडा पिटाळला. माझा नवरा तापानं फणफणला होता तेव्हा हाच वैद्य तिसऱ्या दिवशी बोलावला होता, बरं का. असो. वैद्य म्हणाला मूतखडा आहे, जगायचा न्हाई. मी दाराआडून ऐकत होते आणि तोंडातून निघून गेलं की मी बघते.

आमच्या आबांचा मूतखडा तुला आठवतो ना? तुमच्याच घरून हुलगे यायचे. आईनं जे आबांना केलं तेच मी रुस्तुमला केलं. हाडं बंद, सायीचं दूध बंद. हुलग्याचं पातळ कढण, त्यात जवारीची भाकर कुस्करून, मीठ-मिरची काही न्हाई. सराटे कुटून त्यांचा काढा, तो ताकातून. पहिले दोन दिवस मेल्यानं तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून चाटून पुसून खाल्लं. आणि पाणी भरपूर. पण जातिवंत जनावर, अंगणात मुतायचं न्हाई, दाबून धरायचं. म्हणून घडोघडी बाहेर न्यावं लागे, आणि माझ्याशिवाय कुणाला हात लावू देईना. मग मी मामंजींना सासूबाईंच्या तोंडून कळवलं की आडाचं पाणी जड आहे, त्यात डाळसुद्धा शिजत न्हाई, ह्याला ओढ्याचंच पाहिजे. आणि घागरीत भरून आणलेलं चालायचं न्हाई, वाहतं प्यालं तरच खडा विरघळतो. हे शेवटचं मी पदरचं घातलं.

द्वारके, तीन वर्षं मी ह्या घराचा उंबरा आतूनच पाहिला होता. पुरुषमाणसं निघायच्या वेळी मी मागच्या खोलीत, सणावाराला मागच्या खोलीत, पाहुणे आले तर अगदीच कोपऱ्यात. आणि आता भर दुपारी साखळी हातात धरून ओढ्यावर! पांढरं कपाळ दिसलं की समोरचे लोक तोंड फिरवून बाजूला व्हायचे. आधी रडू यायचं, मग म्हटलं बरंच आहे, रस्ता तर मोकळा मिळतो. ओढ्यापलीकडं भागाबाईचा मेंढ्यांचा वाडा. तिथं बसून तिच्याशी मनसोक्त बोलायचं, पाण्यात पाय सोडायचे. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, एवढं मिळतंय ना, पुरे. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं. म्हणून उत्तर लिहिलं न्हाई.

दिवाळीनंतर रुस्तुम ठणठणीत झाला. मामंजींनी त्याला रानात नेलं, त्यानं ससा धरून आणला. घरभर कौतुक. लगेच हुकूम सुटला, "आता बरा झाला. बाईमाणसाचं ओढ्यावर काय काम? लखमा सोडत जाईल." आणि रुस्तुम लखमाबरोबर शेपूट हलवत गेलासुद्धा! इतका राग आला मला त्या मुक्या जनावराचा.

परवा मामंजी जेवून उठले आणि आपल्या हातानं त्याला मटणाचं हाड टाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. कडाकडा चावत होता आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं. म्हटलं, खा बाबा, रोज खा, महिनाभरात पुन्हा तुंबेल आणि पुन्हा मला ओढा मिळेल. काही करायचंच नव्हतं मला, नुसतं गप्प राहायचं होतं. मग आपलंच मन आपल्याला कळलं. कोण होऊन बसले गं मी ह्या घरात? पदरही न सावरता पुढं गेले, त्याच्या जबड्यातून हाड ओढलं आणि मामंजींच्या तोंडावर म्हणाले, जनावर जगवायचं असेल तर हे बंद करा. ते पाय आपटत बाहेर निघून गेले. हाड पुन्हा टाकलं न्हाई, पण त्या दिवसापासून मागच्या खोलीला बाहेरून कडी असते.

हे पत्र मागच्या खिडकीतून भागाबाईला देईन, ती मेंढ्यांबरोबर तुमच्या बाळापूरच्या बाजारी आणेल. पुढच्या सोमवारी घरातले सगळे, लखमासकट, औंढ्याला नागनाथाच्या अभिषेकाला जाणार आहेत. घर राखायला मी आणि रुस्तुम, त्यामुळे त्या दिवशी कडी नसेल. दुपारी भागाबाईच्या वाड्यापाशी गाडी आण. रुस्तुमला मी आणणार न्हाई. सून गेली तर मामंजी मेली म्हणून सांगतील आणि मोकळे होतील, कुत्रा गेला तर बंदूक घेऊन बाळापूर गाठतील. पथ्य सासूबाईंना शिकवलंय. "व्हय, करीन की," म्हणाल्यात, पण मामंजींच्या हाताला त्या काय धरणार? तेव्हा नुसता गाडीवान धाडू नकोस, तू स्वतः ये. त्याला साखळीला बांधून मी निघाले की तो ओरडेल, आणि त्याचं ओरडणं ओढ्यापर्यंत ऐकू येतं. मी मागं वळले तर माझं काही एक ऐकू नकोस, हाताला धर आणि ओढून गाडीत घाल.

तुझीच,
नर्मदा